भिंतीत मुरणारे पाणी : छन्नी उचलण्यापूर्वी काय तपासावे?

जुन्या जालन्यात आमच्या ओळखीच्या एका घरी स्वयंपाकघर आणि न्हाणीच्या मधल्या भिंतीला सारखी ओल येत होती. घरमालकाचे किराण्याचे लहानसे दुकान. पहिल्या मिस्त्रीने भिंतीचा गिलावा खरवडून नवा केला. सहा महिन्यांत पोपडे पुन्हा सुटले. दुसऱ्याने न्हाणीची फरशी उखडून नवी बसवली. तिसऱ्याने वॉटरप्रूफिंगचे रसायन आणून भिंतीला दोन हात फासले. तिघांची मजुरी आणि माल मिळून दुकानाची वर्षभराची शिल्लक त्या भिंतीत गेली. ओल मात्र होती तिथेच राहिली.

चौथ्या खेपेस एक वयस्कर मिस्त्री आले. हत्यारांची पिशवी त्यांनी दारातच ठेवली आणि घरातल्या बाईंना विचारले, "बेटी, तुमच्याकडे नळ किती दिवसांनी येतो?"

"आठवड्यातून एकदा, चाचा."

"आणि ओल रोज सारखीच असते की कमी-जास्त होते?"

बाई थोडे थांबून म्हणाल्या, "नळ येऊन गेला की दुसऱ्या दिवशी चढते. मग पुढचा नळ येईपर्यंत हळूहळू उतरते."

"मग न्हाणीचा यात काही गुन्हा नाही. न्हाणी तर तुम्ही रोज वापरता."

नळाच्या दिवशी चाचा पुन्हा आले. नळाच्या कॉकवर लोखंडी सळई टेकवून दुसरे टोक कानाजवळ धरले आणि पाईपाच्या वाटेने पुढे सरकत गेले. उंबरठ्याजवळ हातभर खोदले, तेव्हा रस्त्याकडून हौदाकडे जाणाऱ्या लाईनीतला एक गंजलेला एल्बो निघाला. एका दुपारचे काम. आधीचे तिघे अडाणी नव्हते, बेइमानही नव्हते. त्यांची चूक एवढीच, की त्यांनी विचारण्याआधी छन्नी उचलली.

आज या पानावर आम्ही हाच विषय घेत आहोत. आमच्या समाजात नळकाम, गवंडीकाम, फरशीकाम करणारे कारागीर पुष्कळ आहेत. पाईप-फिटिंगची दुकाने चालवणारेही आहेत. दडलेली गळती शोधणे हे तोडफोडीचे काम नसून विचारण्याचे, पाहण्याचे आणि ऐकण्याचे काम आहे. ज्याला हे साधले त्याला गिऱ्हाईक शोधत फिरावे लागत नाही.

जालन्यातच हा प्रश्न अवघड का?

पहिले कारण पाण्याचे. आपल्या जिल्ह्यात नळ बहुतेक ठिकाणी रोज येत नाही. शहराला घाणेवाडी तलावाचा निजामकाळापासूनचा आधार आहे आणि आता जायकवाडीचे पाणीही अंबडमार्गे शहरापर्यंत येते. तरीही नळ दिवसांच्या अंतराने येतो आणि लोक हौद, टाक्या भरून ठेवतात. २०१२-१३ च्या दुष्काळात टँकरपुढे लागलेल्या रांगा कोणीही विसरलेले नाही. अशा ठिकाणी घरात दोन वेगवेगळ्या लाईनी असतात. एकीत नळाच्या दिवशीच पाणी असते, दुसरीत टाकीचे पाणी सदैव उभे असते. जिथे नळ चोवीस तास चालतो तिथली तपासणीची रीत इथे तशीच चालत नाही.

दुसरे कारण जमिनीचे. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यात पुरलेला पाईप दरवर्षी थोडा वर उचलला जातो, थोडा खाली बसतो. सरळ पाईप हे सोसतो, सांधा सोसत नाही. खाली मुरूम लागला तर गळलेले पाणी वर न दिसता सरळ खाली निघून जाते. मालकाला वाटते, टाकी लवकर संपते कारण पाहुणे जास्त आले!

तिसरे कारण घरांचे. एकाच गल्लीत शंभर वर्षांचा मातीचा वाडा, चाळीस वर्षांपूर्वीचे विटांचे घर आणि गेल्या वर्षीचा बंगला शेजारी शेजारी असतात. तिघांची गळती वेगळी, तिघांचा इलाजही वेगळा.

पाणी जमिनीखालून घरापर्यंत नेणे जालन्याला नवे नाही. मलिक अंबरच्या काळात इथला कारभार पाहणाऱ्या जमशेदखानाने मोती तलाव बांधला आणि जमिनीखालील नळांनी व हौदांनी ते पाणी शहरात आणले. औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या नहरींची रचनाही त्याच जातीची होती. त्या नहरींच्या वाटेवर ठिकठिकाणी उतरून पाहण्यासाठी विहिरीसारखी तोंडे ठेवलेली होती. बांधणाऱ्यांना ठाऊक होते की पाणी आज ना उद्या कुठेतरी फुटणारच. तेव्हा ते शोधायला जागा हवी. आपण मात्र पाईप भिंतीत गाडतो, वर टाईल लावतो आणि तो कुठून गेला हेही विसरून जातो.

आधी पाच प्रश्न

गिऱ्हाइकाच्या घरी गेल्यावर पुढील पाच प्रश्न विचारल्याशिवाय हातोडा बाहेर काढू नये.

१. ओल नळाच्या दिवसानंतर वाढते का? तसे असेल तर रस्त्यापासून हौदापर्यंतची लाईन तपासावी.

२. ओल बाराही महिने, रात्रंदिवस सारखी असते का? तर टाकीकडून येणाऱ्या लाईनीवर संशय घ्यावा. त्या लाईनीत दाब कधीच सुटत नाही.

३. अंघोळी-धुण्यानंतर वाढून दुपारनंतर ओसरते का? तर सांडपाण्याचा पाईप, नहाणी ट्रॅप किंवा फरशीच्या दर्जा पाहाव्यात.

४. फक्त पावसाळ्यात येते का? तर दोष बहुधा गच्चीचा, पन्हाळीचा किंवा बाहेरच्या भिंतीतील भेगेचा आहे, नळाचा नाही.

५. ओल जमिनीपासून कमरेइतकीच चढून थांबते आणि भिंतीवर पांढरा लोणा फुटतो का? तर जमिनीतील ओल भिंत शोषत असण्याचा संभव मोठा. जुन्या घरांच्या जोत्यात ओल अडवणारा थर नसतो.

याशिवाय पेन्सिलीने ओलीच्या कडेवर रेघ ओढून तारीख लिहावी. चार दिवसांनी आल्यावर ओल सरकली की नाही हे वादाशिवाय कळते. हवेतल्या दमटपणाची शंका असेल तर हातभर प्लास्टिकचा तुकडा भिंतीवर चारी बाजूंनी चिकटपट्टीने लावून एक-दोन दिवस ठेवावा. थेंब बाहेरच्या बाजूला जमले तर ते हवेतले. भिंतीकडच्या बाजूला जमले तर भिंतीतले.

आणखी एक गोष्ट. पाणी जिथे दिसते तिथेच फुटलेले असते असे नाही. ते पाईपाच्या अंगाने, स्लॅबच्या उताराने, विटांच्या थरातून वाट काढत कित्येक फूट दूर जाऊन बाहेर पडते. म्हणून डाग हा पत्ता नसून केवळ खूण समजावी.

तीन लाईनींची तीन तपासण्या

टाकीची लाईन : रात्री घरातील सर्व नळ बंद करावेत, मोटर बंद ठेवावी आणि गच्चीवरील टाकीत पाण्याच्या पातळीची खूण करावी. सकाळी पातळी पाहावी. दुसऱ्या रात्री टाकीचा बाहेर जाणारा कॉकही बंद करून तीच तपासणी करावी. पहिल्या रात्री पाणी उतरले आणि दुसऱ्या रात्री उतरले नाही, तर गळती घरातील लाईनीत आहे. दोन्ही रात्री उतरले तर टाकीच फुटलेली आहे किंवा कॉक नीट बसत नाही. हिशेबही सोपा आहे. एक मीटर व्यासाच्या गोल टाकीत एक सेंटिमीटर पातळी म्हणजे जवळजवळ आठ लीटर पाणी. रात्रीत तीन सेंटिमीटर उतरले तर चोवीस लीटर गेले. हा आकडा गिऱ्हाइकाला सांगितला की त्याला कामाची निकड आपोआप पटते.

या तपासणीत फ्लशची टाकी विसरू नये. पुष्कळदा 'भिंतीतली गळती' म्हणून बोलावणे येते आणि पाणी फ्लशमधून भांड्यात गुपचूप वाहत असते. फ्लशच्या टाकीत थोडी कपड्याची नीळ घालावी आणि अर्धा तास कोणी वापरू नये. भांड्यात निळसर रंग उतरला तर चोर सापडला. अर्ध्या तासाचे काम. एकही टाईल फोडावी लागत नाही.

नळाची लाईन : ही तपासणी नळ आलेल्या वेळीच होते, त्यामुळे तसे ठरवूनच जावे. हौदाजवळचा कॉक बंद करून दाब लाईनीत उभा राहू द्यावा. घराला मीटर असेल तर पाहावे. कॉक बंद असताना मीटर फिरत असेल तर मीटर आणि कॉक यांच्या मध्ये पाणी जात आहे. मीटर नसेल तर कान वापरावा.

सांडपाण्याची लाईन : नहाणी ट्रॅपचे तोंड कापडाच्या बोळ्याने किंवा रबरी बुचाने घट्ट बंद करून न्हाणीत दोन इंच पाणी उभे करावे आणि एक दिवस ठेवावे. खाली ओल वाढली तर दोष फरशीत, दर्जांत किंवा ट्रॅपच्या कडेला आहे. ओल वाढली नाही, तर बूच काढून पाणी एकदम सोडावे. आता वाढली तर दोष पुढच्या पाईपात आहे. पाण्यात औषधाच्या दुकानात मिळणारे पोटॅशियम परमँगनेट चिमूटभर टाकले तर गुलाबी रंगाने वाट कळते. मात्र त्याचे डाग फरशीला आणि कपड्यांना लागतात, हे मालकाला आधी सांगावे. खालच्या मजल्यावर शेजारी राहत असतील तर त्यांना न विचारता पाणी उभे करू नये.

कान कसा लावावा?

दाबाखालचे पाणी बारीक भोकातून निघताना सूं-सूं असा आवाज करते. रात्री गल्ली निजल्यावर तो चांगला ऐकू येतो. लोखंडी सळईचे किंवा लांब पेचकसाचे टोक कॉकवर वा पाईपावर टेकवावे आणि मूठ कानामागच्या हाडाला लावावी. जिथे आवाज सर्वांत मोठा आणि तीव्र तिथे गळती जवळ. युरोपातील पाणीखात्याचे लोक पूर्वी याच कामासाठी लाकडी दांडा वापरत. डॉक्टरांचा जुना स्टेथोस्कोप मिळाला तर भिंतीवर तोही चालतो.

मात्र एक भेद ध्यानात ठेवावा. लोखंडी पाईप आवाज दूरवर नेतो, प्लास्टिकचा पाईप तो गिळतो. प्लास्टिकच्या लाईनीवर सळईने काही ऐकू आले नाही म्हणून 'गळती नाही' असे सांगू नये. तिथे दाबाची तपासणी करावी. मोठ्या शहरांत आता उष्णता दाखवणारे कॅमेरे आणि आवाज टिपणारी यंत्रे भाड्याने मिळतात. गरम पाण्याच्या लाईनीवर त्या कॅमेऱ्याचा चांगला उपयोग होतो. पण वरच्या पाच प्रश्नांची जागा कोणतेही यंत्र घेत नाही.

दाबाच्या तपासणीसाठी घड्याळ लावलेला हातपंप मिळतो. लाईनीची सर्व तोंडे बुचांनी बंद करून, आतली हवा काढून, पाणी भरून दाब चढवावा आणि अर्धा तास काट्याकडे पाहावे. काटा उतरला तर कुठेतरी वाट आहे. मग लाईनीचे भाग एकेक करून तोडत, म्हणजे बूच मागे आणत, दोष कोणत्या भागात आहे हे ठरवावे. नव्या लाईनीला वापरातील दाबाच्या दीडपट दाब देण्याची रीत आहे. जुन्या गंजलेल्या लाईनीला जास्त दाब देऊ नये. नाहीतर एक गळती शोधायला जाऊन चार नव्या व्हायच्या. आणि प्लास्टिकच्या पाईपात हवेचा दाब कधीही भरू नये. पाईप फुटला तर त्याचे तुकडे गोळीसारखे उडतात.

जुना वाडा : पाईप भिंतीबाहेर काढा

जुन्या जालन्यात, अंबडमध्ये, भोकरदन-परतूरच्या जुन्या वस्त्यांत दगड, पांढरी माती, विटा आणि चुना यांची घरे अजून उभी आहेत. ही घरे बांधली तेव्हा त्यांत नळ नव्हते. नंतर कोणीतरी भिंत कोरून पाईप बसवला. अशा भिंतीच्या पोटात मातीचा भराव असतो. गळलेले पाणी भरावात मुरले की तो मऊ होतो आणि भिंत पोट काढू लागते. माळवदाच्या तुळयांची भिंतीतली टोके कुजतात, वाळवी लागते. इथे गळती हा केवळ पाण्याचा प्रश्न नसून घरातल्या माणसांच्या जिवाचा प्रश्न असतो. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात दगड-मातीच्या जाड भिंतींनी काय केले हे मराठवाड्याला ठाऊक आहे. भिंतीने पोट काढले असेल तर नळकाम थांबवून आधी तुळईला टेकू द्यावा आणि जाणत्या गवंड्याला किंवा इंजिनिअरला बोलवावे.

वाड्यातील गळतीला आमचा सल्ला एकच. भिंतीतला पाईप दुरुस्त करत बसू नये. तो दोन्ही टोकांना बंद करून तसाच सोडावा आणि नवी लाईन भिंतीबाहेरून क्लॅम्पवर न्यावी. दिसायला थोडे बरे नाही, हे खरे. पण पुढची गळती पहिल्याच दिवशी डोळ्यांना दिसेल. भिंतीचा गिलावा दुरुस्त करताना सिमेंट वापरू नये, चुनाच वापरावा. चुन्यातून ओल बाहेर पडते. सिमेंट तिला आत कोंडते आणि ती वर चढते.

विटांचे जुने घर : जी.आय. पाईपाचा गंज

साधारण १९६० ते १९९० या काळातील विटांच्या घरांत जी.आय. पाईप असतात. या पाईपावर जस्ताचा मुलामा असतो. आटे पाडताना तो निघून जातो आणि नेमका तिथेच गंज धरतो. म्हणून अशा घरात संशय आधी सॉकेट, एल्बो, टी आणि निपल यांवर घ्यावा. बोअरच्या जड पाण्याने पाईपाच्या आत थर जमून भोक बारीक होते. मालक म्हणतो, नळाला जोर नाही. मग तो दाबाचा पंप बसवतो. दहा मीटर उंच पाण्याचा दाब म्हणजे एक किलो. गच्चीवरची टाकी नळापासून तीन मीटर वर असेल तर दाब जेमतेम एक तृतीयांश किलोचा असतो. पंपाने तो कित्येक पट होतो आणि जो सांधा झिरपत होता तो पिचकारी मारू लागतो. जुन्या जी.आय. लाईनीवर पंप बसवून मागणाऱ्या गिऱ्हाइकाला हे आधीच सांगणे मिस्त्रीचे कर्तव्य आहे.

दुरुस्ती करताना भिंतीतल्या सांध्यावर एम-सील थापून गिलावा करू नये. तो चार दिवसांचा इलाज आहे. गंजलेला तुकडा कापून, आटे पाडून, युनियन घालून नवा तुकडा बसवावा. युनियन शक्यतो भिंतीबाहेर यावी. टेफ्लॉन टेप आटे ज्या दिशेने आवळतात त्याच दिशेने गुंडाळावी. उलट गुंडाळली तर आवळताना ती गोळा होऊन बाहेर येते. पूर्वी सुतळी आणि सफेदा वापरत. पांढऱ्या सफेद्यात शिसे असते, म्हणून पिण्याच्या पाण्याच्या लाईनीत तो आता वापरू नये. एकाच लाईनीत वर्षात दोनदा गळती निघाली तर तिसरीची वाट पाहू नये. मालकाला संपूर्ण लाईन बदलण्याचा सल्ला द्यावा.

स्लॅबचे घर : न्हाणीखालचा दडलेला तलाव

गच्चीला आणि मजल्यांना स्लॅब आल्यावर वरच्या मजल्यावर संडास-न्हाणी आली. तिच्यासाठी स्लॅब फूटभर खाली घेऊन त्यात विटांचे तुकडे आणि कोबा भरतात. पाईपाचा सांधा किंवा ट्रॅपची कड गळू लागली की हा खड्डा आतल्या आत भरत राहतो. खाली डाग दिसतो तो महिन्यांनंतर. तोवर पाणी लोखंडापर्यंत पोहोचलेले असते. गंजलेली सळई फुगते, स्लॅबच्या खालचा थर सुटून पडतो.

अशा ठिकाणी खालून गिलावा करणे म्हणजे जखमेवर रंग देणे. आधी वर सांगितलेली नहाणी ट्रॅपची तपासणी करून दोष फरशीचा की पाईपाचा हे ठरवावे. दर्जांचाच दोष असेल तर जुन्या दर्जा खरवडून, न्हाणी पूर्ण वाळवून, इपॉक्सीने भराव्यात. सगळी फरशी काढण्याचे कारण नाही. ट्रॅपच्या कडेचा दोष असेल तर ट्रॅपभोवतीची फरशी तेवढीच काढावी. सारा खड्डा उघडावाच लागला, तर त्याच्या तळाला पाणी बाहेर काढणारा एक बारीक पाईप बाहेरच्या भिंतीतून ठेवावा. पुढे कधी गळती झालीच तर त्या पाईपातून थेंब पडेल आणि घर सावध होईल.

नवे घर : चूक पाईपाची नसते, हाताची असते

आताच्या घरांत सी.पी.व्ही.सी. आणि यू.पी.व्ही.सी. पाईप असतात. ते गंजत नाहीत, म्हणून लोक समजतात की गळणारही नाहीत. इथे गळती होते ती सांध्यांवर, आणि तिची कारणे ठरलेली आहेत. सी.पी.व्ही.सी.ला साध्या पी.व्ही.सी.चा सोल्युशन लावला. पाईप ओला किंवा धुळीचा असतानाच जोडला. सांधा सुकण्याआधी पाणी सोडले. प्लास्टिकच्या आट्यांत पितळी नळ ताकदीने आवळला आणि फिटिंगला केसाएवढी चीर गेली. गिझरची गरम लाईन यू.पी.व्ही.सी.ची टाकली. गच्चीवरचा पाईप वर्षानुवर्षे उन्हात उघडा ठेवला.

इलाज असा : सदोष सांधा दोन्ही बाजूंनी कापून काढावा, पाईप पूर्ण कोरडा करावा, त्याच जातीचा सोल्युशन लावून नवी फिटिंग बसवावी आणि डब्यावर लिहिलेला वेळ, शक्यतो एक दिवस, पाणी सोडू नये. नळ बसतो त्या जागी पितळी आट्यांची फिटिंगच वापरावी. आणि गिलाव्याआधी दाबाची तपासणी करून मालकाला काटा स्वतः पाहायला लावावा.

रस्त्यावरची जोडणी : इथे आरोग्य पणाला लागते

सर्वांत धोक्याची गळती रस्त्यापासून घरापर्यंतच्या लाईनीत असते. नळ बंद असतो तेव्हा लाईन रिकामी होते. ज्या भोकातून पाणी बाहेर जाते, त्याच भोकातून तेव्हा गटाराचे पाणी आत येते. नळाला थेट मोटर लावली तर ते आणखी जोराने ओढले जाते. नळ आल्यावर पहिली पाच-दहा मिनिटे पाणी गढूळ किंवा वासाचे येत असेल तर हा संशय धरावाच. कावीळ, विषमज्वर आणि जुलाब यांची वाट इथूनच असते. ती लाईन दुरुस्त होईपर्यंत पाणी उकळून प्यायला सांगावे. दुरुस्तीत पाईप गटाराच्या पातळीच्या वर आणावा, गटार ओलांडताना त्यावर जाड पाईपाचे आवरण घालावे आणि गटाराच्या आत कुठेही सांधा ठेवू नये. रस्त्याच्या मुख्य लाईनीला हात लावायचा तर महापालिकेची किंवा नगरपालिकेची परवानगी घ्यावी.

धंद्याच्या दृष्टीने

कारागीर बांधवांना आमची पहिली सूचना : शोधण्याची मजुरी आणि दुरुस्तीची मजुरी वेगळी सांगा. आज मिस्त्रीला पैसे मिळतात ते तोडण्याचे आणि जोडण्याचे. म्हणून जो जास्त तोडतो तो जास्त कमावतो, आणि जो विचार करून एकच फरशी काढतो त्याची मजुरी कमी होते. हा उलटा न्याय आहे. 'तपासणीचे इतके, दोष सापडल्यावर दुरुस्तीचे इतके' असे कागदावर लिहून दिले तर गिऱ्हाइकाचाही विश्वास बसतो. सापडले नाही तर तसे स्पष्ट सांगावे. 'बहुतेक इथेच असेल' म्हणून दुसऱ्याची भिंत फोडणे ही हलाल कमाईला शोभणारी गोष्ट नाही.

दुसरी सूचना : प्रत्येक घराच्या लाईनीचा नकाशा वहीत काढा. गिलाव्यापूर्वी मोबाईलने फोटो घ्या आणि एक प्रत मालकाला द्या. दहा वर्षांनी त्या घरात गळती झाली तर बोलावणे तुम्हालाच येईल.

तिसरी सूचना दुकानदारांना : मानकाचा शिक्का पाहूनच माल ठेवा. जी.आय. पाईपासाठी आय.एस. १२३९, यू.पी.व्ही.सी.साठी ४९८५, सी.पी.व्ही.सी.साठी १५७७८ आणि जमिनीखालच्या काळ्या एच.डी.पी.ई. पाईपासाठी ४९८४. जी.आय.मध्ये पिवळा पट्टा हलक्या, निळा मध्यम आणि लाल जड पाईपाचा. गिऱ्हाईक स्वस्त म्हणून हलका मागते तेव्हा तो जमिनीत पुरायचा आहे का, हे विचारा. तो एक प्रश्न तुमच्या दुकानाची पत वाढवील.

चौथी सूचना : मशिदी, मदरसे, शाळा आणि वसतिगृहे यांच्या नळांची वर्षातून एकदा तपासणी ठरवून घ्या. वुजूखान्यात दहा-वीस नळ असतात आणि एखादा झिरपत असेल तर कोणाचेच लक्ष जात नाही. गळत्या नळाखाली दोनशे मिलीलीटरचा पेला दहा मिनिटांत भरत असेल तर दिवसाला जवळजवळ एकोणतीस लीटर आणि वर्षाला साडेदहा हजार लीटर पाणी जाते. म्हणजे एक मोठा टँकर. आपल्या जिल्ह्यात टँकरची किंमत काय असते हे सांगायला नको.

दुरुस्ती झाल्यावर घाईने रंग देऊ नये, हेही गिऱ्हाइकाला सांगून ठेवावे. विटेची भिंत वाळायला कित्येक आठवडे लागतात. पेन्सिलीची रेघ तशीच राहू द्यावी. ओल त्या रेघेच्या आत उतरत गेली तर इलाज लागू पडला असे समजावे.

सुरुवातीला सांगितलेल्या घरात ती रेघ अजून आहे. घरमालकांनी भिंतीला रंग दिला, पण तेवढी जागा सोडली. कोणी विचारले तर ते म्हणतात, "वर्षाची कमाई इथे गेली होती, ती एका प्रश्नाने थांबली." त्या गल्लीत आता कोणाकडे पाणी मुरले तर आधी चाचांना निरोप जातो.